पदव्युत्तर समाधानाचा शोध

महाराष्ट्रात पदवीचा शेवटचा पेपर देऊन विद्यार्थी घरी पोहोचतो न पोहोचतो तोच त्याला ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न विचारला जातो, आणि त्याच पेपरांचा निकाल लावायला विद्यापीठाला महिने लागत असताना समाजाने आपले मूल्यमापन मात्र इतक्या तत्परतेने हाती घ्यावे, याचे श्रेय नातेवाईक या कायम विनाअनुदानित संस्थेच्या कार्यक्षमतेला द्यावे लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. तसे उत्तर हाताशी असते तर लेखकाने ते आधी स्वतःसाठी वापरले असते आणि विनोदी लेख लिहिण्याची वेळ त्याच्यावर आली नसती. येथे केवळ उत्तर शोधणाऱ्या पदवीधराच्या सवयी, त्याचे अधिवास आणि त्याच्यावर उपजीविका करणारे इतर घटक यांचा परिचय करून द्यायचा आहे.

‘समाधानकारक करिअर’ ही कल्पना तुलनेने नवी आहे. गावगाड्यात बलुतेदारी होती, म्हणजे गावाची ठरावीक कामे ठरावीक जातींकडे वंशपरंपरेने असत आणि त्याबद्दल सुगीला धान्याचा वाटा मिळे. त्या व्यवस्थेत मुलाला मोठेपणी कोण व्हायचे आहे असे कोणी विचारत नसे, कारण उत्तर त्याच्या जन्मापूर्वीच ठरलेले असे. निवडच नसल्यामुळे निवडीचा ताण नव्हता, हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य कौतुकाने सांगणारी माणसे आजही भेटतात, मात्र त्यांच्या पणजोबांकडे नेमके कोणते काम होते असे विचारले की त्यांना एकदम दुसरीकडे जायचे आठवते. पुढे कारकुनी आली, सरकारी नोकरी आली, आणि एकदा चिकटलेला मनुष्य अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटू लागला. त्या पिढीने समाधान ही बाब निवृत्तीनंतरच्या खात्यावर टाकली होती आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खाते पुढे उघडलेच गेले नाही. आजच्या पदवीधराला समाधान पहिल्या पगाराबरोबर हवे असते, आणि त्याच्या वडिलांना पहिला पगार हेच समाधान वाटते, हा या विषयातला मूलभूत मतभेद होय.

असे मतभेद मिटवण्यासाठी ‘व्यवसाय मार्गदर्शन’ नावाचे शास्त्र अस्तित्वात आले. त्याचा जनक मानला जाणारा फ्रँक पार्सन्स याने १९०८ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात तरुणांना योग्य व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी काढली, आणि ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे त्याचे पुस्तक त्याच्या निधनानंतर, १९०९ साली, प्रसिद्ध झाले. आधी स्वतःला ओळखावे, मग व्यवसायांची माहिती घ्यावी आणि शेवटी दोहोंची सांगड घालावी, इतके सोपे त्याचे सूत्र आहे. हे सूत्र मांडणारा गृहस्थ स्वतः मात्र अभियंता, शाळामास्तर, वकील आणि प्राध्यापक असे सगळे होऊन चुकला होता, आणि मधल्या काळात त्याने बॉस्टनच्या महापौरपदाची निवडणूक लढवून हरूनही पाहिले होते. ही माहिती मार्गदर्शक मंडळी सहसा सांगत नाहीत. वास्तविक ती सांगितली तर पदवीधराला सूत्रापेक्षा तिनेच अधिक धीर येईल.

महाराष्ट्र शासनानेही २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ घेतली, म्हणजे प्रश्नावली भरून घेऊन मुलाचा ओढा कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तंत्रज्ञान, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी कशाकडे आहे हे अहवालात कळवले. अहवालात ‘तांत्रिक’ असे आले तर घरात पेढे वाटले जात, आणि ‘ललित कला’ असे आले तर वडील तो कागद दोनदा वाचून, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचून, अखेर गादीखाली सरकवीत. ‘पण माझा कल कलेकडे आलाय ना, बाबा,’ असे मुलाने म्हणून पाहिले तर ‘कल बदलतो, मार्क बदलत नाहीत, सायन्स घे,’ असे उत्तर मिळे, आणि शासनाचा अहवाल निकाली निघे.

दहावीत गादीखाली गेलेला हा कल पदवीनंतर पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा घरात दोन समांतर चौकशा सुरू होतात. आई पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जाते, कारण पत्रिकेतील दहावे स्थान हे कर्मस्थान, म्हणजे आजच्या भाषेत करिअरचे घर, मानले जाते. ज्योतिषी तेथे शनी पाहून ‘उशीर होईल, पण सरकारी होईल,’ असे सांगतो, आणि आपल्याकडच्या भरतीचा वेग पाहता या भाकितासाठी शनीची साक्ष काढण्याचे काहीच कारण नसते. मुलगी अशा गोष्टींना हसते, कारण तिने आपल्या टेबलासमोर ‘इकिगाई’ची आकृती चिकटवलेली असते. इकिगाई ही जगण्याला अर्थ देणाऱ्या गोष्टीबद्दलची जपानी संकल्पना असून, आवड, कौशल्य, जगाची गरज आणि मोबदला अशी चार वर्तुळे जेथे एकमेकांना छेदतात तेथे ती सापडते, असे ही आकृती सांगते. गंमत अशी की ही आकृती जपानची नव्हेच. ती आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने काढली होती आणि २०१४ साली एका इंग्रज लेखकाने तिच्या मध्यभागी ‘इकिगाई’ हा शब्द बसवला. तात्पर्य, मायलेकी दोघीही ज्योतिषाच्याच सल्ल्याने चाललेल्या असतात; आईचा ज्योतिषी दक्षिणा घेतो एवढाच काय तो फरक.

या दोन्ही चौकशांना न जुमानता महाराष्ट्राच्या मोठ्या वर्गाने आपला प्रश्न अभियांत्रिकीवर सोपवला, आणि त्याची सुरुवात वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली तेव्हापासून धरली जाते. त्यापूर्वी या शिक्षणासाठी पुष्कळदा पोराला कर्नाटकात पाठवावे लागे. त्यानंतर महाविद्यालयच पोराच्या तालुक्यात येऊन राहिले. येथे चार वर्षे पूल कसे बांधावेत हे शिकलेल्या मुलाला पाचव्या वर्षी सॉफ्टवेअर कंपनीने उचलून जावा नावाची संगणकभाषा शिकवावी, ही रीत आता इतकी रुळली आहे की तिच्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. ‘कॅम्पस प्लेसमेंट’ म्हणजे कंपन्यांनी महाविद्यालयात येऊन केलेली निवड, आणि तीत होणारे संवाद साधारणपणे पुढील वळणाचे असतात.

‘तुम्ही स्थापत्य शाखेचे. मग सॉफ्टवेअरकडे कसे वळलात?’

‘लहानपणापासून कोडिंगची आवड आहे, सर.’

‘मग संगणक शाखा का नाही घेतली?’

‘तेव्हा लहान होतो, सर.’

यानंतर पाच वर्षांनी आपण स्वतःला कोठे पाहता, असा प्रश्न येतो. उमेदवार ‘आपल्याच कंपनीत, मोठ्या जबाबदारीवर’ असे ठरलेले उत्तर देतो, आणि स्वतः राजीनामा देऊन शेवटचे तीन आठवडे भरत असलेला अधिकारी त्या निष्ठेला दहापैकी नऊ गुण देतो. निवड झाल्यावर ‘ऑफर लेटर’ मिळते, म्हणजे कधीतरी कामावर बोलावले जाईल असे लेखी आश्वासन मिळते. गल्लीत पेढे वाटले जातात, आणि प्रत्यक्ष रुजू होण्याचे पत्र वर्षभर न आल्यास पेढे खाल्लेल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे तोंड द्यावे लागते. नशिबाने रुजू झालेला मुलगा पुण्याजवळच्या हिंजवडी या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वसाहतीच्या वाहतुकीत रोज दोन-तीन तास घालवून कार्यालयात पोहोचतो आणि तेथे ‘बेंचवर’ बसतो. बेंचवर बसणे म्हणजे पगार चालू पण काम नाही अशी अवस्था, जिला त्याच्या सरकारी नोकरीतल्या काकांच्या लेखी वेगळे नावच नाही. नव्या भरतीचा पगार दशकाहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुक्काम करून आहे, तेव्हा या क्षेत्रात स्थैर्य नाही हा आरोप निदान तेवढ्यापुरता तरी खोटा ठरतो. ज्यांना हे पटत नाही ते एमएस करायला अमेरिकेला जातात, आणि गणितात नव्वद टक्के मिळवणारी ही मुले तेथे अनेक वर्षे व्हिसाच्या सोडतीत आपले नाव निघण्याची वाट पाहत आली आहेत.

राज्यसंस्थेने या बाबतीत हात झटकले आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धातून सुटून आलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी १९४५ साली सुरू झालेल्या सेवायोजन कार्यालयांत पुढे पदवीधरांच्या पिढ्यांनी नावे नोंदवली, दर काही वर्षांनी कार्डाचे नूतनीकरण केले, आणि त्यांपैकी कित्येकांना कार्यालयाकडून पत्र आले तेव्हा त्यांच्या मुलांची नावनोंदणी करण्याचे वय झाले होते. मागेल त्याला काम देण्याची हमी महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने दिली खरी, पण ती ग्रामीण भागातील अकुशल अंगमेहनतीच्या कामापुरती आहे. आपण अकुशल आहोत हे सिद्ध करायला पदवीधराजवळ कागदपत्रे भरपूर असली तरी अंगमेहनतीच्या अटीवर तो अडतो. २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला सुरुवातीला सहा महिने दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले, म्हणजे अनुभव मिळावा अशी सोय झाली. मुदत संपल्यावर त्या अनुभवाचे काय करायचे, हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा समजावा.

यातून उरलेला, आणि पुष्कळदा यातून पळालेला, पदवीधर अखेर पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत येऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करू लागतो. हा या विषयातला सर्वांत समृद्ध अधिवास असल्यामुळे येथे थोडे थांबणे भाग आहे. ‘तयारी’ हा येथे व्यवसायच मानला जातो, आणि ‘सध्या काय करतोस?’ याला ‘तयारी’ हे उत्तर दिल्यावर पेठेत पुढचा प्रश्न येत नाही. गावाकडे मात्र येतो. उमेदवाराचा दिवस अभ्यासिकेत जातो, आणि अभ्यासिका म्हणजे जेथे दरमहा भाडे भरून एक टेबल, एक खुर्ची, मोबाइल लावायला एक प्लग आणि शांतता विकत घेता येते ती जागा. यांपैकी शांतता सोडून बाकीच्या वस्तू बहुधा मिळतात. जेवणाची सोय ‘मेस’मध्ये असते आणि तेथे ‘खाडा’ नावाची सवलत असते, म्हणजे न जेवलेल्या दिवसाचे पैसे वळते करून मिळतात, पण त्यासाठी इतके दिवस आधी, इतक्या सलग वेळा आणि सणवार सोडून न जेवण्याच्या अटी असतात की खाड्याचे नियम समजलेल्या उमेदवाराला पुढे महसूल खात्याचे नियम अवघड वाटत नाहीत. संध्याकाळी टपरीवर अर्धा-अर्धा चहा घेत राज्यघटनेची चर्चा होते. राष्ट्रपतींवर महाभियोग कसा चालवावा हे कलमासहित तोंडपाठ असलेला हा तरुण, खोलीमालकाने अनामत रक्कम परत दिली नाही तर काय करावे या प्रश्नापुढे मात्र हतबल होतो.

या परीक्षांचा इतिहास उद्‌बोधक आहे. लंडनमध्ये १८५५ साली सुरू झालेल्या भारतीय सनदी सेवेच्या परीक्षेसाठी कमाल वयोमर्यादा १८७० च्या दशकात २१ वरून १९ वर आणली गेली, तेव्हा हिंदी तरुणांवर हा अन्याय असल्याचे सांगत सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी देशभर दौरा केला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे एमपीएससीच्या, राज्यसेवा परीक्षेसाठी खुल्या वर्गाची मर्यादा आज ३८ आहे, म्हणजे बरोबर दुप्पट, आणि मागासवर्गीयांसाठी ती ४३ आहे. सुरेंद्रनाथांचे आंदोलन याहून अधिक यशस्वी होणे शक्य नव्हते. पूर्वी मुख्य परीक्षेत लांबलचक उत्तरे लिहावी लागत, २०१२ पासून पर्यायांवर खुणा कराव्या लागल्या, आणि पुन्हा उत्तरे लिहायची असे ठरले तेव्हा २०२३ च्या आरंभी उमेदवार पुण्यात रस्त्यावर बसले. लिहायचे, पण २०२५ पासून, असा त्यावर तोडगा निघाला. नव्या पद्धतीत मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ मिळून २०२५ गुण होतात, आणि २०२५ गुणांची पद्धत २०२५ सालीच लागू व्हावी हा आयोगाने केलेला एकमेव ज्ञात विनोद असावा. दीर्घ काळ तयारी करणाऱ्याने या अदलाबदलीत आधी लिहिणे सोडले आणि मग ते पुन्हा शिकायला घेतले, आणि त्याचे अक्षर दरम्यान इतके बिघडले की ते वाचायला औषधविक्रेताच हवा.

जाणकार लोक या उमेदवाराला ‘प्लॅन बी’ ठेवायला सांगतात. प्लॅन बी म्हणजे मुख्य योजना फसल्यास हाताशी असलेली दुसरी वाट, आणि पेठेतील व्याख्येनुसार ती वाट म्हणजे दुसरी परीक्षा. अशीच एक परीक्षा २०२३ साली तलाठ्याच्या, म्हणजे गावच्या जमिनीचे दप्तर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, ४,६४४ जागांसाठी झाली आणि तिला दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या वर्गाला १,००० आणि राखीव वर्गाला ९०० रुपये होते. सर्वांचे नऊशेच धरले तरी नव्वद कोटींच्या पुढे बेरीज जाते, आणि तलाठ्याच्या दप्तरात इतके पीक एका हंगामात कोणत्याही गटात नोंदलेले आढळणार नाही.

तयारी करणाऱ्याच्या लग्नाचा प्रश्न स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगवेगळ्या प्रकारे सुटत नाही. मुलगा तयारी करतो असे कळले की स्थळ घेऊन आलेली मंडळी चहा संपवून उठतात. मुलीच्या बाबतीत संवाद थोडा अधिक लांबतो.

‘मुलगी काय करते?’

‘एमपीएससी करतेय. दोन मार्कांनी गेली या वेळी.’

‘अरे वा! मग लग्नानंतर करू दे की. आमची काही हरकत नाही.’

हरकत नसलेल्या घरात ही मुलगी सासूसासऱ्यांचा चहा, नणंदेचे केळवण आणि दिवाळीचा फराळ आटोपून रात्री अकराला पंचायतराज व्यवस्थेचे पुस्तक उघडते, आणि ती पुन्हा दोन मार्कांनी गेली की तिच्यात चिकाटीच नाही असे ठरते.

येथवरच्या वर्णनावरून या पेठांत समाधान कोणालाच मिळत नाही असा वाचकाचा ग्रह होण्याचा संभव आहे, पण तो चुकीचा आहे. समाधान तेथे विपुल असते, फक्त ते शोधणाऱ्यांच्या पलीकडच्या बाजूला असते. मेसवाल्या काकूंना आपल्या कामाबद्दल कधी शंका आलेली नाही. झेरॉक्सवाल्याला आपला कल तपासून घ्यावा लागलेला नाही. आणि जो तरुण सर्व ‘अटेम्प्ट’, म्हणजे परीक्षेला बसण्याच्या संधी, संपवून शेवटी क्लासमध्ये शिकवू लागतो, त्याला ज्या पेपराने दरवेळी पाडले त्याच पेपराचा तो तज्ज्ञ होतो, मुले त्याला ‘सर’ म्हणतात आणि तो आयुष्यात प्रथमच रात्री शांत झोपतो. पास झालेल्या उमेदवाराचे छायाचित्र चार वेगवेगळ्या क्लासांच्या फलकांवर एकाच वेळी झळकते, कारण त्याने प्रत्येक ठिकाणी ‘मॉक इंटरव्ह्यू’, म्हणजे सरावाची लुटुपुटीची मुलाखत, दिलेली असते. त्याच्या यशात कोणाचा किती वाटा याचा निवाडा करू लागल्यास चहाच्या टपरीवाल्यालाही एक फलक द्यावा लागेल.

ज्यांना हवे ते मिळाले त्यांचे काय होते, हा अभ्यासाचा शेवटचा भाग. हिंजवडीतला अभियंता दहा वर्षांनी बेंच, पदोन्नती आणि पाठदुखी या तिन्ही अवस्था भोगून सेंद्रिय शेती करायचे ठरवतो. त्याच सुमारास मराठवाड्यातला एक शेतकरी, शेतीत काही राहिले नाही असे म्हणत, मुलाला पुण्यात तयारीला ठेवण्यासाठी दोन एकर विकायला काढतो, आणि ती जमीन अभियंत्याच्या नजरेत भरते. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो, म्हणून अभियंता आजोबांच्या नावाचा सातबारा, म्हणजे जमिनीचा मालकी आणि पिकांचा उतारा, शोधत गावच्या तलाठी कार्यालयात येतो. तेथे दहा लाखांतून निवडून आलेला तलाठी दप्तराखाली राज्यसेवेचे पुस्तक उघडून बसलेला असतो, कारण त्याला उपजिल्हाधिकारी व्हायचे असते. ‘उद्या या, सर्व्हर डाऊन आहे,’ असे सांगून तो पुन्हा वाचू लागतो. त्याला व्हायचे असलेले उपजिल्हाधिकारी त्याच वेळी तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयाच्या समारंभात तरुणांना आवडीचे क्षेत्र निवडण्याचा उपदेश करीत असतात, आणि परतताना गाडीत चालकाला सांगतात, ‘खरं सांगू का, मला नाटकात जायचं होतं.’

अशा परिस्थितीत पदवीधराला सल्ला देण्यात अर्थ नाही, पण वाचकाला एक विनंती करता येण्याजोगी आहे. ज्यांची नवी पेठेत किंवा शास्त्री रस्त्याच्या आसपास दोन खोल्यांची जागा रिकामी असेल त्यांनी ती भाडेकरूला न देता तेथे अभ्यासिका काढावी. जाहिराती निघोत वा न निघोत, टेबले रिकामी राहत नाहीत, आणि या लेखातील सर्व व्यवसायांत खात्रीचे समाधान एवढ्या एकाच व्यवसायात आढळले आहे. पंखे मात्र आवाज न करणारे बसवावेत आणि स्वच्छतागृहाला पाणी ठेवावे, कारण तक्रारी मुख्यतः त्या दोन बाबींच्याच असतात.